बोअरचं पाणी, जुनी घरं आणि नळ: तुमचे अनुभव लिहा

मृण्मयी_सोलापूर:
काल न्हाणीघरातला नळ बदलायला प्लंबरदादा आले होते. भिंत फोडून त्यांनी लोखंडी पाइपचा वीतभर तुकडा कापला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "ताई, ह्यातून पाणी येत होतं हेच नवल." अर्ध्या इंची पाइप, आत पांढरे-तांबूस थरावर थर आणि मधोमध जेमतेम ज्वारीचा दाणा जाईल एवढं भोक. घर आजोबांनी 1968 साली बांधलं, पाइप तेव्हाचाच.

तो तुकडा हातात घेतला आणि आजीचा तांब्याचा बंबच डोळ्यांपुढे आला. बंब तापताना घुरघुरायला लागला की आजी म्हणायची, "खर चढली रे." मग दिवाळीच्या आधी एका रविवारी आजोबा तो अंगणात पोत्यावर आडवा घालायचे आणि लाकडी दांडक्याने बाहेरून हलक्या हाताने ठोकत फिरवायचे. आत पापुद्रे खळखळ वाजायचे. बंब उलटा केला की पांढऱ्या कपच्यांचा ढीग पडायचा. आम्ही भावंडं त्यातल्या मोठ्या कपच्या वेचून ओट्यावर रेघोट्या ओढायचो, खडूसारख्या उमटायच्या. तो खरंच चुना होता हे पुढे शाळेत कळलं.

तो तुकडा मी खिडकीत ठेवलाय, टाकवत नाही. तुमच्याकडे काय काय झालंय ते लिहा.

लातूरची_लेक:
डाळ!! लग्न होऊन आले, पहिल्याच दिवशी वरण लावलं. आठ शिट्ट्या झाल्या तरी डाळ टणक. रडूच आलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बोअरचं घेतलंस का? डाळीला हंड्यातलं घ्यायचं." 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ना, ते टँकरने आमच्या गल्लीत आलं तेव्हा सासूबाईंनी आधी डाळ शिजत घातली. तीन शिट्ट्यांत लोणी. त्या दिवशी घरात सगळे वरण-भातच जेवले.

अनघा_प:
@लातूरची_लेक चिमूटभर सोडा घालून बघितला का

लातूरची_लेक:
सोड्याने शिजते पण चव जाते आणि रंग पिवळाजर्द येतो. रात्री भिजत घालते, हिंग-हळद आणि तेलाचे चार थेंब. चिंच मात्र डाळ पूर्ण शिजल्यावरच.

कोथरूडकर_काका:
गिझरबद्दल लिहितो, ह्यात मी तीन गिझर घालवलेत. सोसायटी जुनी, उन्हाळ्यात बोअर आणि टँकर. कॉइल बाहेर काढली तर पोवळ्यासारखी फुगलेली. हे पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना खाली बसतो, म्हणून गरम पाण्याची लाइन आधी बुजते. गार नळाला धार नीट आणि गरम नळाला बारीक असेल तर भिंत फोडू नका, आधी गिझर उघडा. दुसरं म्हणजे आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, टाकीऐवजी ती झिजावी म्हणून. वर्षातून एकदा बघायला सांगा, संपली असेल तर बदला. काटा 50-55 च्या पुढे नेऊ नका, पाणी जितकं जास्त तापेल तितका थर जास्त.

सायली_के:
काका किती उपयोगी लिहिलंत 🙏 आमचा आठ वर्षांत एकदाही उघडला नाही. आज उघडायलाच सांगते.

नाशिकची_मेधा:
शॉवरसाठी: प्लास्टिकच्या पिशवीत कोमट पाणी आणि दोन चमचे लिंबूसत्व, पिशवी शॉवरला रबरबँडने बांधून रात्रभर ठेवायची. सकाळी जुन्या टूथब्रशने घासा, सगळी भोकं मोकळी. नळाच्या तोंडाची जाळी तर मी दर महिन्याला काढून वाटीत बुडवते.
फक्त शहाबादी फरशीवर हे सांडू देऊ नका. ती फरशीच चुनखडीची, आंबट लागलं की खाते. आईच्या ओट्यावर माझ्या हातून पडलेला डाग अजून तसाच आहे, वाईट वाटतं बघून.

विदर्भकन्या:
आंबटावरून, कृपया हे सगळ्यांनी वाचा. माझ्या काकूने टाइल्सवरचे पांढरे डाग जावेत म्हणून ॲसिड ओतलं आणि लगेच वरून ब्लीचिंग पावडर. बंद न्हाणीघर. त्यातून क्लोरीन वायू निघतो. दोन दिवस दवाखान्यात होती, खोकला महिनाभर. ही दोन कधीही एकत्र करू नका, कितीही डाग असू देत.

मृण्मयी_सोलापूर:
बाप रे. आता बऱ्या आहेत ना काकू?

विदर्भकन्या:
हो गं, ठणठणीत. घरातलं ॲसिडच टाकून दिलं.

लंडनचा_दिनू:
इथेही जडच पाणी, खालचा सगळा खडूचा दगड. किटलीत आठवड्यात पांढरा थर, कोऱ्या चहावर तपकिरी तवंग. आई आली होती तेव्हा कप बघून म्हणाली, "अरे हे तर आपल्या बार्शीचंच पाणी." तेवढ्यावरून तिला इथे घरच्यासारखं वाटायला लागलं.

अनघा_प:
दिनू, आई बार्शीच्या? माझं आजोळ बार्शी! भगवंताच्या देवळाजवळ.

लंडनचा_दिनू:
अगं काय सांगतेस! आईला आत्ताच फोन लावतो.

राजेश_पाणीवाला:
पाण्याचं फिल्टरचं काम करतो म्हणून सांगतो. टीडीएसचं मीटर बुडवून कोणी "पाणी जड आहे" म्हणालं तर थांबा. त्यात सगळेच क्षार येतात, कठीणपणा वेगळा तपासावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. सॉफ्टनर बसवलात तर त्यात मीठ वेळेवर घालायला लागतं, नाहीतर तो नुसता उभा राहतो. आणि त्या पाण्यात सोडियम वाढतं, घरात बीपीचं माणूस असेल तर प्यायची लाइन वेगळी ठेवा.

सायली_के:
मृण्मयीताई, एवढाच तुकडा बदलणार की सगळी लाइन? आमच्याकडे एक जोड सोडवला, त्या हादऱ्याने पुढचा गळला, तो धरला तर त्याच्या पुढचा. शेवटी बाबांनी जुनी लाइन भिंतीत तशीच सोडली आणि बाहेरून नवी सीपीव्हीसी टाकली. दिसायला बरी नाही, पण गळलं तर दिसतं तरी.

मृण्मयी_सोलापूर:
तेच करणार. दादाही हेच म्हणाले, जुन्या आट्यांना हात लावू नका, सूत-सफेदा लावून बसवलेले जोड आहेत. घरात आईचं मात्र म्हणणं, भिंतीवर पाइप दिसला तर दिवाणखान्याची शोभा जाते. चर्चा चालू आहे 😊

कोथरूडकर_काका:
बंब आहे अजून?

मृण्मयी_सोलापूर:
आहे काका. तुळशीजवळ. परवा चिंच लावून घासला, खालची तोटी अजून गळत नाही. फोटो टाकते संध्याकाळी, नळ आला, हंडे भरायचेत.