जठराचे चिनी अक्षर: गोष्ट रचून शिकावे की व्युत्पत्तीने?

आम्रतरू:
नमस्कार. माझी मुलगी चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत असून पुढील वर्षी तिला रुग्णांशी चिनीतच बोलावे लागणार आहे. तिला सोबत म्हणून मीही इथे पुण्यात अवयवांची नावे शिकतो आहे. जठराला ‘वेइ’ म्हणतात. त्याचे अक्षर वर शेत आणि खाली चंद्र असे दिसते, म्हणून ‘शेतातले धान्य रात्री पोटात जाते’ अशी गोष्ट रचून मी ते लक्षात ठेवले. यकृताच्या ‘कान’ या अक्षरात मात्र चंद्राशेजारी ‘कोरडे’ या अर्थाचे चिन्ह आहे आणि तिथे माझी गोष्ट अडते. अशा गोष्टी रचाव्यात की खरी व्युत्पत्ती शिकावी, आणि त्यासाठी कोणते साधन वापरावे?

दर्यावर्दी:
आपण ज्याला चंद्र म्हणता ते मांसाचे चिन्ह आहे. प्राचीन लिपीत चंद्र आणि मांस यांची रूपे वेगळी होती; लिहिता लिहिता ती सारखी दिसू लागली. खांगशी या जुन्या चिनी कोशात अक्षरे ज्यांच्याखाली लावली आहेत त्या 214 मूलचिन्हांत आजही चंद्र 74 वा आणि मांस 130 वे आहे. यकृत, फुप्फुस, प्लीहा, आतडे, मेंदू यांच्या अक्षरांत हे मांस डावीकडे बसते, जठर आणि मूत्रपिंड यांच्यात खाली. हृदयाच्या ‘शिन’ला ते लागतच नाही, कारण ते अक्षर मुळात हृदयाचेच चित्र आहे.

आता शेताविषयी. जुन्या रूपात वरचा भाग म्हणजे आत दाणे असलेली पिशवी होती, म्हणजे भरलेल्या जठराचे चित्र. पुढे रेषा सरळ होत जाऊन तिचे शेतासारखे रूप झाले. श्यू शन या चिनी विद्वानाने इ. स. 100 मध्ये पूर्ण केलेल्या कोशात या अक्षराचा अर्थ ‘धान्याचे कोठार’ असाच दिला आहे. आपल्या गोष्टीत धान्य आले ते योग्यच आहे; शेत आणि रात्र तेवढी काढून टाकावीत.

यकृताच्या अक्षरात गोष्ट शोधूच नये. तिथे मांस अर्थ सांगते आणि ‘कान’ (कोरडे) हे चिन्ह केवळ उच्चार सांगते. बहुतांश चिनी अक्षरे अशीच घडली आहेत. चीनमधील शीआन शहराच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या वेइ नदीचेच अक्षर पाहा: डावीकडे पाणी, उजवीकडे आपले हे जठर. नदीचा पोटाशी काही संबंध नाही, जठर तिथे फक्त ‘वेइ’ हा ध्वनी पुरवते. म्हणून माझा आग्रह असा की नवे अक्षर समोर आले की कोणता भाग अर्थाचा आणि कोणता ध्वनीचा, हे आधी पाहावे. प्लेको या ॲपचा मूळ कोश विनामूल्य आहे. जुनी रूपे पाहायची असतील तर रिचर्ड सिअर्स यांचे संकेतस्थळ पाहावे.

निळावंती:
वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण रुग्णालयासाठी सुटी अक्षरे पुरणार नाहीत, शब्द हवेत. मराठीत ‘माझे जठर दुखते’ असे कोणी म्हणत नाही; चिनी माणूस मात्र ‘वेइ थंग’ (जठर दुखते) हे रोजच्या बोलण्यात सहज म्हणतो. सगळे पोट म्हणायचे असेल तर ‘तूच’ हा शब्द येतो. त्यातला ‘च’ आपल्या ‘चाक’मधला आहे, ‘चहा’मधला नव्हे, आणि ‘तू’चा सूर उतरता आहे (चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो). तोच ‘तू’ खाली जाऊन वर येणाऱ्या तिसऱ्या सुरात म्हटला, तर खाण्याच्या वजडीचा बोध होतो. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिताना येणारे ‘डी’ आणि ‘टी’ पाहून आपण द आणि ट म्हणू लागतो. प्रत्यक्षात ते त आणि थ आहेत. मराठी कानाला हा भेद सहज कळतो, त्याचा मुलीने लाभ घ्यावा.

याच अक्षरापासून ‘वेइखौ’ (जठर आणि तोंड, म्हणजे भूक) आणि ‘वेइस्वान’ (जठरातील आम्ल) हे शब्द तयार होतात. रुग्णाला ‘वेइखौ कसे आहे?’ असे विचारता येणे तिला पहिल्याच आठवड्यात लागेल.

आम्रतरू:
दोघांचेही मनापासून आभार. फुप्फुसाच्या ‘फेइ’मध्ये उजवीकडे बाजाराचे चिन्ह आहे, तेही ध्वनीचेच का?

दर्यावर्दी:
ध्वनीचेच, पण ते बाजाराचे नव्हे. बाजाराच्या चिन्हात पाच रेषा असतात, इथे चार. मधली उभी रेषा वरपासून खालपर्यंत अखंड ओढावी. जठर लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी: मांस खाली आले की त्याची डावी रेषा बाहेर न वळवता सरळ उभी काढतात.