मॅरिसच्या ६१ होम रनपुढे तारांकन टाकायचं का?

यादीवाला:
बेसबॉलमधल्या एका हंगामातल्या होम रनच्या (चेंडू कुंपणापार टोलावण्याच्या) विक्रमांचा तक्ता करतोय. बेब रूथचे १९२७ मधले ६०, मग रॉजर मॅरिसचे १९६१ मधले ६१. मॅरिसला सामने जास्त मिळाले म्हणून त्याच्या आकड्यापुढे तारांकन होतं, असं वाचतो. ते टाकू का? आणि वेगवेगळ्या काळांतल्या आकड्यांची तुलना कशाच्या आधारे करू?

तिसरा बेस:
टाकू नका. तारांकन अधिकृत नोंदीत कधी नव्हतंच. १९६१ मध्ये अमेरिकन लीगचे (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगांपैकी एक, दुसरी नॅशनल) संघ ८ वरून १० झाले आणि हंगाम १५४ वरून १६२ सामन्यांचा झाला. विक्रम १५४ सामन्यांच्या आत मोडला नाही तर त्याची वेगळी नोंद व्हावी, असं कमिशनर, म्हणजे बेसबॉलचे प्रमुख प्रशासक, फोर्ड फ्रिक यांनी जुलैमध्ये जाहीर केलं. १५४ सामन्यांपर्यंत मॅरिसचे ५९ झाले होते. ६१वा आला १ ऑक्टोबरला, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात. ही वेगळी नोंद १९९१ मध्ये रद्द झाली, पण मॅरिस १९८५ मध्येच गेला होता. त्याच्यावर हा सरळ अन्याय झाला.

आकडेमोड:
सामने मोजाल तर फसाल. प्लेट अपिअरन्स मोजा, म्हणजे बॅटर एकूण किती वेळा बॅटिंगला आला. रूथ ६९१, मॅरिस ६९८. फरक फक्त ७ चा! होम रनच्या संख्येने भागलं तर रूथला एका होम रनमागे ११.५ आणि मॅरिसला ११.४ संधी लागल्या. जास्तीच्या आठ सामन्यांचा सगळा वाद इथेच विरतो.

ॲट-बॅटने भागाकार केलात तर चित्र बदलतं, कारण त्यात वॉक (चार वाईट चेंडू पडले की बॅटरला न मारताच मिळणारा पहिला बेस) धरत नाहीत. बॅरी बाँड्सचे २००१ मधले ७३ घ्या: ४७६ ॲट-बॅट, म्हणजे दर ६.५ ला एक. पण त्याला १७७ वॉक मिळाले होते, आणि ६६४ प्लेट अपिअरन्सने भागलं की उत्तर ९.१ येतं. दोन्ही रकाने ठेवा. त्याला मारण्याजोगे चेंडू किती कमी मिळत होते, ते या तफावतीतच दिसतं.

डावखुरा:
लीगचा रकाना विसरू नका. मॅग्वायर (१९९८, ७०), सोसा (त्याच वर्षी ६६) आणि बाँड्स हे तिघेही नॅशनल लीगचे. म्हणून ॲरन जजचे २०२२ मधले ६२ हा अमेरिकन लीगचा विक्रम ठरतो, एकूण नाही. त्या तिघांच्या आकड्यांवर स्टेरॉइडची सावली आहे आणि शिक्षेसह चाचण्या २००४ पासूनच्या. तरी नोंदवहीत त्यांच्यापुढेही कोणतीच खूण नाही. तुम्हीही आकड्याला हात लावू नका, हवं तर शेऱ्यात लिहा.

यादीवाला:
१९२७ मध्ये टप्पा पडून कुंपणापार गेलेला चेंडूही होम रन धरत ना? मग रूथचे ६०?

तिसरा बेस:
नियम तसा होता खरा. पण त्या ६० मध्ये तसा एकही नव्हता, असंच मानलं जातं. आकडा आहे तसा ठेवा.