अस्वलाच्या मुलखात कोणती बंदूक? आधी हात बघा, मग कॅलिबर

सह्यभटका (सिॲटल)

अलास्का ट्रिपबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर म्हणून परवा इथं एक पोस्ट आली होती. तिचा मथितार्थ असा: केनाईला बायकामुलांना घेऊन ट्रेकला जाताय ना, मग .५०० मॅग्नम (अर्धा इंच जाडीच्या गोळीचं) रिव्हॉल्वर कमरेला लावा आणि अस्वलाला पळवायच्या मिरचीच्या स्प्रेचे ‘मसाल्याचे डबे’ घरी ठेवा. खाली नुसता अंगठ्यांचा पाऊस. विचारणाऱ्यानं आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नाही, आणि तो दोन लहान मुलांना घेऊन जाणार आहे. ते वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

.५०० रेंजवर एकदा उडवून बघा. लांब नळीचं मॉडेल दोन किलोच्या घरात जातं. पहिल्या गोळीला नळी आभाळाकडे जाते आणि मनगट सुन्न होतं. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरनं धावतं, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. झुडपातून तीस मीटरवर निघालं तर तुमच्याकडे दोन सेकंद आहेत. त्या दोन सेकंदांत जॅकेटची चेन, होल्स्टरचं बटण, पोराला मागे ढकलणं आणि नेम हे सगळं बसवायचं. दुसरी गोळी विसरा.

अस्वल केवढं आहे यावरून हत्यार निवडायचंच नाही. आपल्या हाताला काय जमतं ते बघून निवडायचं. लांब बंदूक चालवायची सवय असेल तर १२ गेज पंप शॉटगन आणि स्लग (छऱ्यांऐवजी एकच जड गोळी), नाहीतर .३०-०६ किंवा .३७५ रायफल. हा प्रश्न काही नवा नाही. १९८३ साली अमेरिकी फॉरेस्ट सर्व्हिसनं (वनखात्यानं) अलास्कातल्या आपल्या माणसांसाठी गोळ्यांच्या चाचण्या केल्या होत्या. .४५८ आणि .३७५ वर राहिल्याच, पण २२० ग्रेन वजनाच्या जड गोळीनं साधी .३०-०६ सुद्धा चांगली ठरली. सवय नसेल तर स्प्रे घ्या. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अस्वलांच्या अभ्यासकांनी अलास्कातल्या १९८५ ते २००६ च्या घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांवर ९२ टक्के वेळा स्प्रे लागू पडला, आणि स्प्रे बाळगणाऱ्या ९८ टक्के लोकांना ओरखडाही आला नाही. त्यांच्याच २०१२ च्या अभ्यासात हँडगन (पिस्तूल, रिव्हॉल्वर) ८४ टक्के आणि लांब बंदुका ७६ टक्के वेळा लागू पडल्या. मसाल्याचा डबा म्हणणाऱ्यांनी हे आकडे खोडून दाखवावेत.

अँकरेजकर

खोडतो. हे दोन आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत. स्प्रेच्या अभ्यासात नुसत्या चौकस अस्वलांच्या, कॅम्पभोवती खाणं हुंगत फिरणाऱ्या अस्वलांच्या घटनाही भरपूर आहेत. बंदुकीच्या अभ्यासात १८८३ पासूनच्या २६९ घटना आहेत, त्यातल्या बऱ्याच आधीच हाताबाहेर गेलेल्या. एकीकडे हुंगणारं अस्वल, दुसरीकडे अंगावर आलेलं, आणि तुम्ही टक्के लावून मोकळे.

आता माझा अनुभव. मी उन्हाळी क्रूवर ओढ्यातले सॅमन मासे मोजायला जायचो. दोन्ही काठांना आल्डरच्या झुडपांची अशी दाटी की हात लांब केला तर पंजा दिसत नाही. वारा समोरून. पंधरा पावलांवरून फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि मादी थेट अंगावर. स्प्रे माझ्या छातीवर होता, पण त्या वाऱ्यात दाबला असता तर आम्हीच आंधळे झालो असतो. सोबत्याच्या हातात रेमिंग्टन ८७० शॉटगन होती, दोन स्लग गेले, मादी ओढ्यातच बसली. नंतर दिवसभर कातडं सोलत बसलो, कारण स्वसंरक्षणात मारलं तरी कातडं नखांसकट आणि कवटी राज्याला जमा करावी लागते, वर लेखी अहवाल. कुणी मजेखातर हे करत नाही. पण त्या दिवशी बंदूक नसती तर मी इथं लिहायला नसतो.

आणि ग्रीनलंडमधली डॅनिश लष्कराची सिरियस गस्त ध्रुवीय अस्वलांसाठी कमरेला १० एमएम ग्लॉक २० पिस्तूल आणि सोबत जुन्या .३०-०६ रायफली ठेवते. ते काय मूर्ख आहेत?

सह्यभटका

मूर्ख नाहीत, प्रशिक्षित आहेत. तुमचा सोबतीही प्रशिक्षितच असणार. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध करताय. आकड्यांबद्दल एवढं मान्य करतो की सरळ तुलना होत नाही. पण त्याच २०१२ च्या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष तुम्ही गाळलात: बंदूक वापरणाऱ्यांत आणि जवळ असून न वापरणाऱ्यांत जखमी होण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

बोझमनची नीलिमा

वाऱ्याचं अँकरेजकर खरं सांगतायत, पण अर्धंच. मोंटानातल्या गॅलाटिनमध्ये हकलबेरीच्या दिवसांत आम्ही तिघं चाललो होतो. वळणावर मादी आणि मागे दोन पिल्लं. माझा डबा पट्ट्याला, पिशवीत नाही, एवढं एकच नशीब. अंगठ्यानं क्लिप मागे ओढली आणि पहिला फवारा तिच्या डोक्यावरून गेला. हात खाली आणला, पुढचा जमिनीलगत मारला. नारिंगी ढग वर उठला, ती त्यात घुसली, फुरफुरली आणि वळून उतारावरून गेली. पिल्लंही तिच्या मागे. ढगाचा उरलेला भाग आमच्यावर आला, मुलगा अर्धा तास डोळे उघडू शकला नाही. पण ती मादी जिवंत, पिल्लं जिवंत, आम्ही जिवंत. माझ्या हातात रिव्हॉल्वर असतं तर पहिली गोळी जिथं फवारा गेला तिथंच गेली असती, आणि समोर बिथरलेली किंवा जखमी आई असती.

सरावाचा डबा मिळतो, मिरची नसलेला. अंगणात मुलांसमोर दाबून बघा. साधारण तीस फुटांवर ढग कुठं पोचतो ते एकदा डोळ्यांनी दिसू दे.

दुनळी (ह्यूस्टन)

.५०० नको हे पटलं. पण मग .४४ मॅग्नम का नको? हार्डकास्ट (कडक शिशाची) गोळी, सहा फैरी, जाम होण्याचा प्रश्न नाही. १० एमएमला पंधरा फैरी मिळतात, पण अस्वलाच्या कवटीला .४४ ची जड गोळीच हवी. पंप शॉटगनचं कौतुक पुरे करा. घाबरलेला माणूस पंप अर्धाच ओढतो आणि अडकवून बसतो.

अँकरेजकर

२०१६ मध्ये इथल्या एका गाइडनं ९ एमएम पिस्तुलानं चालून आलेलं तपकिरी अस्वल पाडलं. वर्षानुवर्षं अस्वलांत काढलेला माणूस. गोळी कुठं लागते आणि किती आत जाते, त्यावर सगळं ठरतं. .४४ च्या धक्क्यानं डोळे मिटणाऱ्याला १० एमएम बरी, हे मी छातीठोक सांगतो. आणि हो, पंप अर्धा ओढण्याचं खरं आहे, क्रूवर पहिल्याच दिवशी त्याचीच घोकंपट्टी करून घ्यायचे.

रांगेतला (डॅलस)

सगळे कॅलिबरवर भांडताय, पण मूळ विचारणारा एच-१बी वर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहे हे कुणी वाचलं का? त्याला बंदूक हातात घेणंच गुन्हा आहे. अमेरिकेचा केंद्रीय कायदा, १८ यूएससी ९२२(जी)(५). नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यानं बंदूक किंवा गोळ्या बाळगणं बेकायदा, शिक्षा १५ वर्षांपर्यंत. शिवाय डिपोर्टेशन. तुम्ही त्याला .४४ ची फॅमिली पॅक ऑफर देताय.

दुनळी

अर्धवट माहिती. अपवाद आहे. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर चालतं. माझ्या ओळखीच्यांनी असंच केलंय. लायसन्स ऑनलाइन निघतं, शिकारीला जायची सक्ती नाही.

रांगेतला

आणि लायसन्सची मुदत संपली त्या दिवसापासून तुम्ही गुन्हेगार. अगदी बंदूक कपाटात असली तरी. हे तुमच्या ओळखीच्यांना माहीत आहे का? आमच्या गल्लीत एका घरात नवऱ्याचं ग्रीन कार्ड झालंय, बायकोचं व्हायचंय. बंदूक नवऱ्याच्या नावावर, तिजोरीची किल्ली दोघांकडे. बंदूक ताब्यात असायला ती हातातच असावी लागत नाही. तिच्यापर्यंत पोच आणि तिच्यावर हुकूमत असली तरी कायदा तो ताबाच धरतो. एका किल्लीपायी त्या बाईचं सगळं उद्ध्वस्त होऊ शकतं.

मी २०११ पासून ईबी-२ च्या, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या, रांगेत आहे. मुलगा इथं जन्मला, शाळेत इतिहास शिकतो, मला विचारतो की बाबा, दुसरी घटनादुरुस्ती (बंदूक बाळगायचा हक्क) तुम्हाला का नाही. त्याला काय उत्तर देऊ? कर भरतो, घर घेतलं, आणि अस्वल समोर आलं तर माझ्या हातात काय असावं हे व्हिसाचा शिक्का ठरवणार.

दुनळी

रांगेचं दुःख सगळ्यांना आहे, मीही त्यातून गेलोय. पण प्रत्येक धाग्यावर तेच? इथं प्रश्न अस्वलाचा आहे.

रांगेतला

इथं प्रश्न अस्वलाचाच आहे, कारण तुमचा सल्ला ऐकून तो माणूस अस्वलाच्या आधी तुरुंगात जाईल! तुमचं ग्रीन कार्ड झालं म्हणून बाकीच्यांचं काहीही होवो, हीच इथली वृत्ती आहे.

दुनळी

वैयक्तिक होऊ नका. अपवाद कायद्यात लिहिलेला आहे, मी बनवलेला नाही. मुदतीचं मात्र बरोबर आहे, लायसन्सवरची तारीख बघायलाच हवी. एवढंच मान्य.

बोझमनची नीलिमा

आई-बाबा बी-२ वर (पर्यटक व्हिसावर) आले की हौसेनं रेंजवर नेणाऱ्यांनीही हे वाचा. हातात बंदूक देऊन फोटो काढतात आणि फॅमिली ग्रुपवर टाकतात. हंटिंग लायसन्स त्यांच्याकडे नसतं. माझ्या सासऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हटलं, आठवडाभर अबोला होता. चालेल मला.

चंद्रपूरकर

तुमचं वाचून इथं माझा जीव जळतो भाऊ. तिकडं १० एमएम की .४४ यावर वाद, आणि आमच्याकडं माणूस पहाटे मोह वेचायला जातो तो हातात टोपली आणि काठी घेऊन. आमचं अस्वल तुमच्या ग्रिझलीच्या निम्मंही नाही, पण दचकलं की पळत नाही, थेट तोंडावर येतं. आमच्या गावात एक काका आहेत, एक डोळा आणि अर्धा गाल गेला. बिचारे मोहाखाली वाकले होते, अस्वल झाडाच्या दुसऱ्या बाजूला तीच फुलं खात होतं. दोघांनी एकमेकांना पाहिलंच नाही.

शस्त्र परवाना मागायला गेलं तर अर्ज कुठल्या टेबलावर पडून राहतो ते कळतही नाही. वन्यजीव कायद्यात कलम ११(२) आहे, जीव वाचवताना प्राणी मेला तर गुन्हा नाही. पण अस्वल अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, त्यामुळं चौकशीच्या भीतीनं लोक जखमही लपवतात. यावर कोणी धागा काढत नाही.

सह्यभटका

चंद्रपूरकर, तुमच्या काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. यावर वेगळा धागा काढाच, मी पहिला येईन. पण तुमच्या उदाहरणात बंदुकीनं काय झालं असतं? दोन हात टोपलीत गुंतलेले, अस्वल झाडापलीकडे. गटानं जायचं, मोठ्यानं बोलत जायचं, हेच तिथंही आणि अलास्कातही.

चंद्रपूरकर

गटानं जा म्हणणं सोपं आहे. जो आधी पोचतो त्याला फुलं मिळतात. म्हणून माणूस अंधारात एकटा निघतो. आवाज करायचा तर बाकीच्यांना झाड कळतं. पोटाचा प्रश्न आहे तो, ट्रेकिंगचा नाही.

सह्यभटका

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं.

आयोवाकर (मूळ विचारणारा)

नमस्कार. हो, मी एच-१बी वर आहे. .५०० चा नाद सोडला. ९२२ बद्दल मला खरंच काही माहीत नव्हतं, रांगेतला यांचे आभार. दोन प्रश्न उरलेत. सिॲटलहून भाड्याच्या गाडीनं कॅनडातून वर जायचा विचार आहे, मित्र सिटिझन आहे, तो त्याची हँडगन घेतो म्हणतोय. आणि डेनाली नॅशनल पार्कात बंदूक चालते का?

अँकरेजकर

हँडगन घेऊन कॅनडाच्या सीमेवर जाऊच नका, मित्र सिटिझन असला तरी. लांब बंदूक न्यायची तर फॉर्म भरावा लागतो, २५ कॅनेडियन डॉलर, ६० दिवस चालतो. आणि ती बंदूक प्रवासात तुमच्या हातात, तुमच्या ताब्यात येता कामा नये, म्हणजे मित्र झोपला असताना तुम्ही गाडी चालवताय आणि ती मागे ठेवलेली, हे असलं काही नको.

नॅशनल पार्कात २०१० पासून राज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगता येते, पण व्हिजिटर सेंटरमध्ये नेता येत नाही. डेनालीत तुम्ही बहुतेक वेळ बसमध्येच असणार.

विमानानं आलात तर स्प्रे आणूच नका. बंदूक रिकामी करून कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून चेक-इनमध्ये जाते, स्प्रे मात्र हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. अँकरेजला उतरल्यावर विकत घ्या, डब्यावर ईपीए (अमेरिकी पर्यावरण खातं) नोंदणी आणि मुदत दोन्ही बघून. फ्लोटप्लेन (पाण्यावर उतरणारं विमान) घेणार असाल तर पायलटच्या हातात द्या, तो बाहेर फ्लोटच्या कप्प्यात ठेवतो. केबिनमध्ये फुटला तर विमान खाली.

हे मी बंदूकवाला सांगतोय. दोन लहान मुलं, सराव शून्य, व्हिसा असा, तर तुमच्यासाठी स्प्रेच. सह्यभटका यांनी याचा अर्थ मी त्यांचे टक्के मानले असा काढू नये.

सह्यभटका

नाही काढत. डबे दोन घ्या, आयोवाकर. एक तुमच्या पट्ट्याला, एक वहिनींच्या. पाठपिशवीच्या बाजूच्या जाळीत कुणाचाही नको.

दुनळी

आणि मित्राच्या हँडगनचं काय ठरलं?

रांगेतला

त्याच्या घरी, त्याच्या तिजोरीत, आणि किल्ली त्याच्याच खिशात.