शेखा मोझा : खरंच काम की नुसतं फोटोसेशन?

कोथिंबीरवडी :
लेकीला शाळेतून प्रोजेक्ट आलंय, मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या आजच्या काळातल्या राजघराण्यातल्या बाईवर. तिने कतारच्या शेखा मोझा निवडल्या, खरं सांगायचं तर त्यांचे ते फेटे बघून :) नेटवर बघावं तर सगळं कपड्यांबद्दलच. यांनी नक्की केलं काय? दोहात राहणारं कोणी आहे का इथे?

दोहाकर :
आहे ना, नऊ वर्षं झाली. इथे एज्युकेशन सिटी म्हणून अख्खं गावच वसवलंय, मेट्रोचं स्टेशनसुद्धा आहे त्या नावाचं. १९९५ मध्ये त्यांनी आणि नवऱ्याने, म्हणजे कतारच्या तेव्हाच्या अमीरांनी (राज्यकर्त्यांनी), शिक्षणासाठी कतार फाउंडेशन ही संस्था काढली आणि मग कॉर्नेलचं मेडिकल, कार्नेगी मेलन, जॉर्जटाउन अशा अमेरिकन युनिव्हर्सिट्यांच्या शाखा एकेक करत इथेच आणल्या. पैसा आहे म्हणून आणल्या, कबूल, पण माझी एक कतारी कलीग सांगते की घरचे तिला एकटीला अमेरिकेला कध्धीच पाठवणार नव्हते, इथे मात्र रोज संध्याकाळी घरी जेवायला येऊन तिने तीच डिग्री घेतली. मोझांचं स्वतःचं ग्रॅज्युएशन पण लग्नानंतरचं, कतार युनिव्हर्सिटीतून सोशिऑलॉजी, १९८६.

खवचट_काकू :
सगळं छान, पण त्याच देशात २५ च्या आतल्या बिनलग्नाच्या कतारी मुलीला परदेशी जायला घरच्या पुरुषाची परवानगी लागते, हेही लिहायला सांगा लेकीला. शिकवायचं भरपूर आणि विमानात बसायच्या आधी बाबांची सही!

दोहाकर :
काकू, मुद्दा बरोबर. म्हणूनच गंमत वाटते, कतार युनिव्हर्सिटीत मुलांपेक्षा मुलीच जास्त आहेत. बाकी त्यांचं देशाबाहेरचं काम बघायचं असेल तर २०१२ ची 'एज्युकेशन अबव्ह ऑल' ही त्यांची संस्था बघा, युद्धात, गरिबीत शाळा सुटलेल्या पोरांसाठी आहे ती. शाळांवरचे हल्ले थांबावेत म्हणून ९ सप्टेंबरला युएनचा दिवस असतो ना, तोही कतारच्याच प्रस्तावातून आला. हवं तर नॅशनल लायब्ररीचे फोटो पाठवतो, तिथली मेंबरशिप फुकट आहे, आमची पोरं शुक्रवारी तिथेच पडीक असतात.

कोथिंबीरवडी :
थँक्यू हो दोहाकर, फोटो नक्की पाठवा. काकूंचा मुद्दा वाचून दाखवला तर लेक लगेच, "मग मुलग्यांना का नाही लागत परवानगी?" आता प्रोजेक्टची सुरुवातच तिथून करायची म्हणतेय, बाईंना कितपत चालतंय बघू.