होम सर्व्हर अपग्रेड करतानाच फाइलसिस्टिमही बदलावी का?

खटपट्या:
घरच्या सर्व्हरवर अजून डेबियन लिनक्स १२ आहे. ट्रिक्सी, म्हणजे पुढची आवृत्ती १३, ऑगस्ट २०२५ मध्येच आली, तेव्हा आता अपग्रेड करतोय. फोटो आणि कागदपत्रांचे स्कॅन दोन डिस्कच्या एमडी मिररवर (लिनक्स दोन्ही डिस्कवर तीच प्रत ठेवतं) आहेत, त्यावर ईएक्सटी-४ ही फाइलसिस्टिम. माझं मत स्पष्ट आहे: हात घातलाच आहे तर डेटा झेडएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर न्यावा. ईएक्सटी-४ फाइलमधल्या मजकुराचा चेकसम (मजकूर बिघडला का हे ओळखायचा आकडा) ठेवतच नाही. उद्या मिररच्या दोन प्रतींत फरक निघाला तर खरी कुठली, हे एमडीला कळणार कसं? झेडएफएस चेकसम पाहून चुकीची प्रत ओळखते आणि चांगल्या प्रतीवरून दुरुस्तही करते.

जुनी_डिस्क:
असहमत. ईएक्सटी-४ २००८ पासून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. मशीन मेलं तरी कुठल्याही लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डिस्क उघडते. झेडएफएस परवान्यामुळे कर्नलबाहेर राहिली. डेबियनवर तिचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) डीकेएमएस नावाचं साधन दर नव्या कर्नलसाठी बांधतं. त्यासाठी लागणारं कर्नल हेडर्सचं पॅकेज राहून गेलं की मॉड्यूल नाही, आणि रीबूटनंतर पूलही (झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्क) नाही. शिवाय झेडएफएसचा नोव्हेंबर २०२३ मधला बग आठवा: कॉपी केलेल्या फाइलींत मधेच शून्यं येत होती आणि स्क्रबला (सगळा डेटा वाचून चेकसम ताडणाऱ्या तपासणीला) काहीच सापडत नव्हतं, कारण चुकीचा डेटाच रीतसर चेकसमसह लिहिला गेला होता. २.२.२ मध्ये ते दुरुस्त झालं. रोजचा बॅकअप घ्या, तेवढं पुरे.

खटपट्या:
तो बग गंभीर होता, मान्य. पण बॅकअपने माझा प्रश्न सुटत नाही. बिघडलेली फाइलच बॅकअपमध्ये गेली तर?

रात्रपाळी:
इथे थोडं थांबा. बॅकअपसाठी वापरतात ते आरसिंक मूळ सेटिंगमध्ये फाइलचा आकार आणि बदलाची वेळ एवढंच पाहतं. डिस्कवर गुपचूप बिट उलटला तर या दोन्ही गोष्टी जशाच्या तशा राहतात, म्हणजे आरसिंक ती फाइल पुन्हा कॉपी करतच नाही आणि बॅकअपमधली चांगली प्रत वाचते. खरा धोका पुढे आहे. बॅकअपची डिस्क बदलली की सगळं नव्याने कॉपी होतं, त्यात बिघडलेली फाइलही जाते, आणि जुनी डिस्क तोवर पुसलेली असते. त्यामुळे चेकसम हवाच, यावर खटपट्यांशी सहमत.

सबव्हॉल्यूम:
मग बीटीआरएफएस ही तिसरी फाइलसिस्टिम का नको? कर्नलमध्येच आहे, डीकेएमएसची भानगड नाही, चेकसम आणि स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) दोन्ही मिळतात. रेड-१ मध्ये, म्हणजे मिररमध्ये, डिस्क वेगवेगळ्या आकाराच्या असल्या तरी चालतात. रेड-५ आणि ६ या इतर रचनांच्या वाटेला मात्र जाऊ नका.

जुनी_डिस्क:
आणि एक डिस्क गेली की? ‘डिग्रेडेड’ पर्याय दिल्याशिवाय बीटीआरएफएस माउंट होत नाही. मॉनिटर नसलेल्या मशीनवर, रूट (खुद्द सिस्टिमचा भाग) त्यावर असेल, तर बूट तिथेच अडकतं.

सबव्हॉल्यूम:
म्हणून रूट ईएक्सटी-४ वर ठेवा, डेटा बीटीआरएफएसवर.

रात्रपाळी:
काहीही निवडा, पण दोन्ही कामं एकाच दिवशी करू नका. आधी ट्रिक्सी, मग काही आठवडे चालू द्या, मग फाइलसिस्टिम. एकदम केलंत आणि काही अडलं, तर नवा कर्नल दोषी की नवा पूल, हे शोधत बसाल. ज्यांचा पूल आधीपासून झेडएफएसवर आहे त्यांच्यासाठी: डेबियन १२ मध्ये ओपन-झेडएफएस (लिनक्सवर चालणारी झेडएफएस) २.१ होती, १३ मध्ये २.३ आहे. अपग्रेडनंतर ‘झेडपूल स्टेटस’ सांगेल की काही फीचर्स चालू नाहीत. लगेच ‘झेडपूल अपग्रेड’ देऊ नका. नवी फीचर्स चालू झाली की जुन्या आवृत्तीत तो पूल उघडेलच याचा भरवसा नाही, मग परतीची वाट बंद.

खटपट्या:
क्रम पटला. आधी ट्रिक्सी. झेडएफएसचा आग्रह मात्र कायम.

जुनी_डिस्क:
फोटो एकदा ठेवले की बदलत नाहीत. सगळ्यांच्या एसएचए-२५६ चेकसमची एक यादी करून ठेवा आणि महिन्याला ताडून पाहा. ईएक्सटी-४ वरच काम होतं.

खटपट्या:
यादी बिघाड दाखवेल, दुरुस्ती मलाच करावी लागेल, तीही यादी ताडायची आठवण राहिली तर. डेबियनवर झेडएफएसचा स्क्रब दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपोआप चालतो.