अ‍ॅलिसन क्राउस ही अमेरिकन गायिका दुसऱ्यांच्या अल्बमात कुठं कुठं गायली?

दारव्हेकर: भाऊ लोक, लाइन रात्रीची असली की ओलिताले जातो अन् मोबाईलवर 'रेझिंग सँड' लावतो, रॉक गायक रॉबर्ट प्लांटसंगचा तिचा २००७ चा अल्बम. आता तिच्या युनियन स्टेशन बँडच्या बाहेरचं ऐकाचं हाय, कोणी सांगता काय?

वऱ्हाडी कान: पहिले कंट्री गायक ब्रॅड पेस्लीचं 'व्हिस्की ललबाय' ऐक, 'मड ऑन द टायर्स' अल्बममधलं. दुसरं कडवं तिचं हाय, गाण्यातला गडी मेल्यावर त्या बाईचे काय हाल झाले ते गाते, पण आवाज कुठंच चढवत नाही, काळजात घुसते राजा.

पैनगंगा काठ: रॉकमदी फिश बँडचा अल्बम 'हॉइस्ट', १९९४ चा, त्यात 'इफ आय कूड'. गायक जॉन वेटसंग त्याचंच जुनं 'मिसिंग यू' बी गायली. पण प्लांटसंग जमलं तसं कुठंच नाही, लेड झेपलिन बँडचा तो गडी तिच्या बाजूनं किती हळू गाते पाय, उगाच नाही २००९ ले अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी भेटलं. २०२१ चा 'रेझ द रूफ' सोडू नको.

वऱ्हाडी कान: अन् तिचाच १९९५ चा 'नाऊ दॅट आयव्ह फाउंड यू' घे, दुसऱ्यांच्या अल्बमसाठी गायलेली काही गाणी त्यातच भेटतीन.