मदत हवी आहे: नेट नसताना डिलिव्हरी अ‍ॅपमधली एन्ट्री उडू नये म्हणून काय करू?

मंडळी, इंदूरला पार्सल डिलिव्हरी करतो, रूट सियागंज आणि राजवाड्याकडच्या गल्ल्या, तिथे कितीतरी गोदामं तळघरात आणि खाली उतरलं की नेटवर्क गायब. फोटो काढतो, स्क्रीनवर सही घेतो, 'डिलिव्हर्ड' दाबलं की नुसतं गोल गोल फिरत राहतं. कधी 'पेंडिंग' दाखवून वर रस्त्यावर आल्यावर आपोआप जातं, पण कधी फोटोच उडतो आणि पार्सल माझ्या नावावर बाकी, मग संध्याकाळी हबवर उत्तरं देत बसा!

रस्त्याचं टेन्शन नाही, गूगल मॅप्सवर इंदूरचा ऑफलाइन मॅप उतरवलाय, जीपीएसला तसंही नेट लागत नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून पाहिलं, बॅटरी सेव्हरमधून अ‍ॅप वगळलंय, बॅकग्राउंड डेटा चालू, अ‍ॅप अपडेटेड, फोन अँड्रॉइड, स्टोरेजही रिकामं आहे. वर येऊन एन्ट्री कर असं कृपया सांगू नका, सही माल घेणाऱ्यासमोरच घ्यावी लागते आणि तो माणूस गल्ला सोडून वर येत नाही.

हबवाले म्हणतात लॉगआउट करून परत लॉगइन कर. पण एन्ट्री पेंडिंग असताना लॉगआउट केलं किंवा कॅशे क्लिअर केली तर फोनमध्ये साठलेला फोटो आणि सही उडते का? आणि अशा अ‍ॅपमध्ये डिलिव्हरीची वेळ कुठली धरतात, बटण दाबल्याची की सिंक झाल्याची?